एग्मोरच्या सावलीतला वसंत

मद्रासला ऋतू तीनच, असं तिथले लोक गमतीनं सांगतात. उन्हाळा, कडक उन्हाळा आणि फार कडक उन्हाळा. १९९६ साली शहराचं नाव चेन्नई झालं, पण ऋतूंमध्ये काही फरक पडला नाही. मार्च संपत आला की सकाळी नऊलाच डांबर तापतं, रिक्षावाले डोक्याला ओला पंचा गुंडाळतात आणि रस्तोरस्ती शहाळ्यांचे ढीग लागतात. अशा शहरात वसंत शोधायला जायचं म्हणजे जरा वेडेपणाच. पण हा वेडेपणा करायला हरकत नाही. फक्त नजर वर, झाडांच्या शेंड्याकडे न ठेवता खाली, झाडांच्या बुंध्याशी ठेवावी लागते.

मुंबईहून जाणारा प्रवासी बहुधा चेन्नई सेंट्रलला उतरतो. तिथून मेट्रोनं पुढचंच स्थानक एग्मोर. तमिळमध्ये एळुंबूर. १९०८ साली उघडलेलं इथलं रेल्वेस्थानक हेन्री आयर्विन या वास्तुविशारदानं घुमट आणि कमानींनी सजवलेलं आहे. मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी अशा यात्रांना निघालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या आठवणीत एग्मोर म्हणजे गाडी बदलायचं ठिकाण. सामान सांभाळत तासभर बसायचं, इडली खायची आणि पुढच्या गाडीत चढायचं. पण स्टेशनाच्या बाहेर पडून पंधरा-वीस मिनिटं चाललं, तर हाच भाग अगदी वेगळा दिसायला लागतो.

पँथिऑन रस्त्यावरची झाडं

स्टेशनजवळच पँथिऑन रस्त्यावर सरकारी संग्रहालय आहे. १८५१ साली सुरू झालेलं हे संग्रहालय देशातल्या सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी एक. अमरावतीची शिल्पं आणि चोळकाळातल्या ब्राँझच्या मूर्ती पाहायला जगभरातून लोक इथे येतात. शेजारीच १८९६ साली उघडलेलं कॉनेमारा ग्रंथालय आहे. इमारती देखण्या आहेतच, पण भर दुपारी फाटकातून आत आल्यावर पहिल्यांदा जाणवते ती सावली. बाहेरच्या रस्त्यावर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि इथे मोठ्या झाडांखाली शाळेच्या सहलीला आलेली मुलं आरामात डबे उघडून बसलेली दिसतात.

या संग्रहालयाचा पहिला प्रमुख एडवर्ड बाल्फर हा पेशानं शल्यचिकित्सक होता. त्यानं १८४९ साली एक निबंध लिहिला होता. त्याचा विषय होता, झाडांचा देशाच्या हवामानावर होणारा परिणाम. झाडं तोडली की पाऊसपाण्यावर परिणाम होतो, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी कंपनी सरकारच्या एका डॉक्टरनं ते कळकळीनं मांडलं होतं, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

याच संग्रहालयात पुढे पी. व्ही. मयूरनाथन यांनी मद्रास शहर आणि आसपासच्या परिसरातल्या फुलझाडांची नोंद करणारा ग्रंथ तयार केला. संग्रहालयानं तो १९२९ साली प्रसिद्ध केला. शहर म्हटलं की आपल्याला लावलेल्या बागा आठवतात, गुलाब, मोगरा, जास्वंद आठवतात. मयूरनाथन यांनी मात्र कुणी न लावता उगवणाऱ्या झाडाझुडपांचीही दखल घेतली. माणसं येण्याआधी या किनाऱ्यावर जे रान होतं, त्याची ती लेकरं.

ते रान कसं होतं? कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचं रान आपल्या सह्याद्रीसारखं उंचच उंच नव्हे. झाडं बुटकी, पानं जाड आणि चकचकीत. पाऊस कमी असूनही बहुतेक झाडं वर्षभर हिरवी. आपल्या महाबळेश्वर-माथेरानला उन्हाळ्याच्या तोंडावर निळ्या फुलांनी खोडापर्यंत मढून जाणारी अंजनी इथल्या रानातही आहे. तमिळमध्ये तिला काया म्हणतात. शहराच्या आतच असलेल्या गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात या रानाचा सुमारे पावणेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा अजून शिल्लक आहे. बाकी रान घरांखाली आणि रस्त्यांखाली गेलं. पण काही वाड्यांच्या मागच्या अंगणात, एखाद्या जुन्या झाडाखाली, त्या रानाचा वास अजून येतो.

झाडाखालचा वसंत कसा येतो?

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दाट सावलीत फुलं कशी येतात? फुलायला तर ऊन लागतं.

इंग्लंडच्या वनांत वसंतात ब्लूबेलच्या निळ्या फुलांचे गालिचे पसरतात, त्यांचे फोटो आपण दिनदर्शिकांवर पाहिलेले असतात. अमेरिकेच्या वनांत तीन पाकळ्यांचं ट्रिलियम फुलतं. या फुलांची युक्ती एकच. हिवाळ्यात मोठ्या झाडांची पानं गळलेली असतात. थंडी संपते आणि झाडांना दाट पालवी यायला अजून काही आठवडे असतात. तेवढ्यात जमिनीपर्यंत ऊन पोहोचतं. ही रोपटी नेमकी तीच वेळ साधतात. जमिनीखाली कंदात साठवलेल्या अन्नावर भराभर वाढतात आणि फुलतात. वर पानांचं छप्पर झालं की पुन्हा निजतात.

आपल्याकडेही हेच घडतं, पण वेळापत्रक वेगळं. आपली झाडं पानं टाकतात ती थंडीमुळे नव्हे, तर पाणी वाचवण्यासाठी. म्हणून आपल्या रानांत जमिनीवर ऊन उतरतं ते फाल्गुन-चैत्रात. कडुलिंबच बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची जुनी पानं झडतात, काही दिवस फांद्या विरळ होतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास तांबूस-कोवळी पालवी आणि पाठोपाठ मोहर येतो. पाडव्याला आपण तीच कोवळी पानं गूळ घालून खातो. तमिळ माणसं १४ एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या त्यांच्या नववर्षाला कडुलिंबाची फुलं कैरीच्या पचडीत घालतात. आपण पान खातो, ते फूल खातात. झाड एकच आणि निरोपही एकच, की वर्षाची सुरुवात थोड्या कडूनं करावी.

आणि याच दिवसांत, कडुलिंबाच्या विरळ सावलीत, कोरड्या दिसणाऱ्या मातीतून एक फूल वर येतं. ना पान, ना दांडा. जणू कुणी देवाला वाहिलेलं फूल जमिनीवर पडलं आहे. तो भुईचाफा.

गलाईवाल्यांच्या घरचं रान

एग्मोरमधल्या एका गल्लीत मी हा भुईचाफा पाहिला तो एका मराठी घराच्या मागे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले लोक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. दक्षिणेतलं क्वचितच एखादं मोठं गाव असेल, जिथे विट्याकडचा माणूस नाही. या घरातले काका साहुकारपेठेत गलाईचं दुकान चालवायचे. आता मुलगा चालवतो. काकू लग्न होऊन या शहरात आल्या, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. त्यांचं तमिळ अस्खलित आहे, पण मराठी बोलायला लागल्या की थेट खानापूर तालुका.

“आवं, आमच्या गावाकडं सावली म्हंजी लिंबाची. दुसरं झाडच कुठं हुतं?” त्या म्हणाल्या. “पाण्यासाठी मैल मैल चालायचं. फुलझाड लावायचं कुणाच्या मनात तरी यील का? हितं आले तर घरामागं ह्यो लिंब. म्हटलं, माहेर भेटलं.”

जागा असेल वीस फूट बाय पंधरा फूट. मध्ये कडुलिंब. त्याच्याखाली काकूंनी जे उभं केलं आहे, त्याला बाग म्हणावं की रान म्हणावं, हे ठरवणं अवघड आहे. कडेला, जिथे सकाळचं कोवळं ऊन येतं, तिथे अबोली. आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या बायकांची आवडती ही अबोली तमिळ बायकांच्याही वेणीत तितकीच मानाची. तिथे तिला कनकांबरम म्हणतात. वास नाही, पण रंग असा की मोगऱ्याच्या गजऱ्यात दोन-चार फुलं गुंफली तरी गजरा उठून दिसतो. त्याच्या आत, दाट सावलीत, हिरवट निळ्या रंगाच्या फुलांचं एक झुडूप आहे. मराठीत रानअबोली, तमिळमध्ये नीलांबरी. असा रंग दुसऱ्या फुलात सहसा दिसत नाही. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर नागदवण्याची लांब पानं आणि पांढरी, बारीक पाकळ्यांची सुवासिक फुलं. आणि बुंध्यापासून तीन-चार हातांवर, पाचोळ्यातून डोकं काढलेला भुईचाफा.

फूल वीतभरही उंच नसतं. पांढऱ्या लांबट पाकळ्या आणि खाली जांभळी, ओठासारखी पसरलेली पाकळी. वाकून नाकाजवळ नेलं की मंद, गोड वास येतो. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एका कंदातून एकामागून एक फुलं येत राहतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे रोज सकाळी नवी फुलं असतात. मग पाऊस लागला की पानं येतात. तीही बघण्यासारखी असतात, वरून रुपेरी नक्षी आणि खालून जांभळी. आलं, हळद, वेलची यांच्याच कुळातलं हे झाड. संस्कृतात भूमिचंपक. लिनियसनं १७५३ साली याला केम्फेरिया रोटुंडा हे शास्त्रीय नाव दिलं, ते आशियात भटकलेल्या केम्फर नावाच्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ.

“शेजारची तमिळ आजी हुती, तिनं पहिला कांदा दिला,” काकू सांगत होत्या. “मला वाटलं आल्याचा तुकडाय. च्यात घालायला निघाले हुते. तिनं हात धरला.”

पूर, वादळ आणि दुष्काळ

चेन्नईत बाग करणं सोपं नाही. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. तिथे वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. भुईचाफ्याची अडचण नेमकी इथेच आहे. वर्षाच्या शेवटी त्याची पानं पिवळी पडून तो झोपायच्या तयारीला लागतो आणि त्याच वेळी वरून धो धो पाणी. झोपलेल्या कंदाला पाणी सोसत नाही, तो कुजतो. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईला महापूर आला, तेव्हा काकूंचे बहुतेक कंद असेच गेले. उरलेल्यांसाठी त्यांनी जुन्या विटा रचून वीतभर उंचीचा वाफा केला आणि खाली खडी घातली. तेव्हापासून पाणी साचत नाही.

पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आलं. शहरातली हजारो झाडं त्या एका दिवसात उन्मळून पडली. काकूंचा कडुलिंबही पडला. सुदैवानं घरावर नाही, तर अंगणात.

झाड पडलं म्हणजे फक्त झाड पडलं, असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याच्याखालचं सगळं जग उघडं पडतं. २०१७ चा उन्हाळा आला तेव्हा त्या अंगणात सावलीच उरली नव्हती. नीलांबरीची पानं करपली, अबोली वाळली. काकूंनी चार बांबू रोवले आणि जुन्या सुती साड्या त्यावर ताणून बांधल्या. हिरवी शेडनेट विकत मिळते, हे त्यांनाही माहीत होतं. पण साडीतून येणारं ऊन कडुलिंबातून येणाऱ्या उन्हासारखं असतं, असं त्यांचं म्हणणं. दोन उन्हाळे ते अंगण साड्यांखाली राहिलं. गल्लीतली पोरं त्याला मांडव म्हणायची आणि लग्न कधी आहे, म्हणून विचारायची.

त्याच काळात कुंपणाशी कडुलिंबाचं एक रोप वाढत होतं. जुन्या झाडाच्या लिंबोळीतून आपोआप उगवलेलं, वादळाच्या वेळी कमरेएवढं. काकूंनी सगळं लक्ष त्याच्यावर दिलं.

मग २०१९ चा उन्हाळा. त्या वर्षी चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. वर्तमानपत्रांत घागरींच्या रांगांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा काकू मोजून घालत होत्या आणि तेही फक्त त्या लहान कडुलिंबाला. बाकी झाडांना काही नाही.

“मला वाटलं, गेला भुईचाफा. आन एप्रिलात बघते तर सात फुलं! पाणी न्हाई, काय न्हाई. पोटातल्या शिदोरीवर आला बिचारा.”

हेच तर त्याचं बळ. मागच्या पावसाळ्यात पानांनी जे कमावलं, ते कंदानं आणि त्याला लोंबणाऱ्या छोट्या गाठींनी साठवून ठेवलेलं असतं. वाईट वर्ष आलं तर तो खर्च कमी करतो, पण फुलायचं विसरत नाही. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या बाईला या झाडाचा एवढा लळा का लागला असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता तो नवा कडुलिंब दुमजली घराएवढा झाला आहे. साड्या केव्हाच निघाल्या. पण आता प्रश्न वेगळाच उभा आहे. जुनं बैठं घर पाडून तिथे फ्लॅट बांधायचं ठरतं आहे. मुलांचं म्हणणं चुकीचं नाही. घर जुनं झालं आहे, कुटुंब वाढलं आहे. बिल्डरनं दाखवलेल्या नकाशात मात्र मागच्या कोपऱ्यात गाड्या ठेवायची जागा आहे.

“घर पाडायला माझी ना न्हाई,” काकू शांतपणे म्हणाल्या. “पण लिंब पाडायचा न्हाई. गाड्या फुडं लावा. फुडं जागा नसंल तर एक गाडी कमी घ्या.”

मुलगा यावर हसला, पण बोलणं हसण्यावारी नेलं नाही. नकाशा पुन्हा काढायला दिला आहे. काय होईल ते होईल, पण काकू वाट बघत बसलेल्या नाहीत. या जानेवारीत त्यांनी अर्धे कंद काढले आणि कुंड्यांत लावून गल्लीतल्या सहा-सात घरी वाटून टाकले. “एका घरातला गेला तर दुसऱ्या घरात ऱ्हाईल,” एवढाच त्यांचा हिशेब.

तुमच्या अंगणात

तुमच्या घरासमोर आंब्याचं, फणसाचं किंवा कडुलिंबाचं झाड असेल आणि “याच्याखाली काहीच येत नाही” अशी तुमची तक्रार असेल, तर हा प्रयोग तुमच्यासाठीच आहे.

पहिली गोष्ट, पाचोळा झाडून टाकू नका. आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेत अंगण लख्ख झाडलेलं हवं. दारापुढे ते ठीकच, पण झाडाखाली दोन-तीन इंच पाचोळा राहू द्या. तोच कुजून खत होतो, माती थंड ठेवतो आणि पावसाचं पाणी जिरवतो. चेन्नईत २००३ पासून प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. पाचोळ्यानं झाकलेली मोकळी माती हे काम फुकटात करते. घरात लहान मुलं असतील आणि विंचूकाट्याची भीती वाटत असेल, तर हाताळताना काठीनं आधी हलवून घ्या आणि पाचोळा भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

दुसरी गोष्ट, झाडाच्या मोठ्या मुळांना धक्का लावू नका. बुंध्याला टेकून मातीचा ढीगही करू नका, साल कुजते. बुंध्यापासून तीन-चार हातांवर, मुळांच्या मधल्या जागेत छोटे खड्डे घ्या. दोन भाग पानांचं कुजलेलं खत, एक भाग माती आणि एक भाग जाडी वाळू असं मिश्रण भरा. पाणी साचत असेल तर काकूंसारखा विटांचा वाफा करा.

भुईचाफ्याचे कंद पानं पूर्ण वाळल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत काढून वेगळे करावेत. प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा आणि दोन-तीन गाठी असाव्यात. डोळा वर ठेवून दोन इंच खोल लावा. कळी दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर. कळी दिसली की थोडं पाणी. पानं असेपर्यंत नियमित पाणी. पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू बंद. महाराष्ट्रात हे सोपं जातं, कारण आपला पाऊस वेळेवर थांबतो. पानं गेल्यावर झाड मेलं असं समजून कुंडी टाकून देणारे पुष्कळ असतात. तसं करू नका. कुंडीवर काडी खोचून नाव लिहून ठेवा.

अबोलीला अर्धी सावली आणि थोडं सकाळचं ऊन पुरतं. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडकून फुटतात आणि बिया दूर उडतात. मुलांना हा खेळ जरूर दाखवा. गडद रंगाची ‘दिल्ली’ अबोली मात्र बी धरत नाही, ती फांदीवरूनच लावावी लागते. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमींचा त्रास होतो. लावतानाच मूठभर निंबोळी पेंड घातली तर तो आटोक्यात राहतो.

भुईचाफा संपला म्हणजे सगळं संपलं असं नाही. मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुटबॉल लिली. ती मूळची आफ्रिकेची, पण आपल्या सावलीत छान रमते. पावसाच्या सुरुवातीला काळ्या मुसळीच्या पिवळ्या चांदण्या. श्रावण-भाद्रपदात रानहळदीचे गुलाबी तुरे, ओल्या जागेत सोनटक्का आणि गौरीच्या दिवसांत तेरडा. एका झाडाखाली पाडव्यापासून गौरीपर्यंत काही ना काही फुलत राहू शकतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची गॅलरी आणि दहा-बारा इंच रुंदीची पसरट कुंडी भुईचाफ्याला पुरते. ज्या गॅलरीत गुलाब रुसून बसतो, तिथे हा खुशीत असतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, विषारी फुलांची. कळलावी हे तमिळनाडूचं राज्यफूल. तमिळमध्ये त्याचं नाव सेंगांदळ. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या संगम साहित्यातल्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ या काव्यात ९९ फुलांची यादी आहे, तिची सुरुवातच या फुलानं होते. आपल्याकडे कोकणात गौरीच्या सणात त्याचा मान आहे. कुंपणाशी चढलेली ही लाल-पिवळी ज्वाळांसारखी फुलं मोह पाडतात. पण तिचा कंद फार विषारी आहे आणि बाकी झाडही विषारीच. नागदवण्याचा कंदही पोटात जाऊ देऊ नये. घरात रांगणारं मूल किंवा पाळीव जनावर असेल, तर ही दोन्ही झाडं लावू नका. लावलीच, तर घरातल्या प्रत्येकाला ओळख करून द्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही फुलं रानातून उपटून आणू नका. सहलीला गेल्यावर “एकच कंद घेतो” असं प्रत्येकानं म्हटलं तर त्या डोंगरावर पुढच्या वर्षी काय उरेल? औषधासाठी मुसळी आणि कळलावीचे कंद आधीच पोत्यांनी खणले गेले आहेत. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून रोपं आणणं हा तर गुन्हाच आहे. भुईचाफा, अबोली, सोनटक्का रोपवाटिकांमध्ये मिळतात. आणि त्याहून चांगला मार्ग म्हणजे शेजारी. कंदवर्गातल्या झाडांचा स्वभावच वाढून वाटण्याचा. ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे दोन-तीन वर्षांत जास्त होतात.

चेन्नईला जाणार असाल तर संग्रहालयासाठी एक सकाळ राखून ठेवा. शुक्रवारी ते बंद असतं. मुलांना घेऊन गिंडीला जा. झाडांची आवड असेल तर कॅथीड्रल रोडवर २०१० साली उघडलेलं सेम्मोळी पूंगा हे उद्यान आहे. दुपारी ऊन चढलं की एखाद्या मोठ्या झाडाखाली थांबा आणि खाली बघा.

पुढच्या पाडव्याला गुढीसाठी कडुलिंबाची डहाळी तोडायला तुम्ही जेव्हा हात वर कराल, तेव्हा त्याच झाडाखालची जागाही एकदा न्याहाळून घ्या. तिथे आज फक्त पाचोळा असेल. एखादा कंद मिळवा, दोन इंच खोल लावा आणि वर्षभर धीर धरा. कडुलिंबाची पालवी वर आली की खाली भुईतूनही कुणीतरी डोकं काढेल.